फिरंगिणीतून गणपती

त्या संध्याकाळी अप्पा गप्प बसले असते, तर नानांच्या कुंपणाचा दगडी गडगा पडला नसता, सरलाकाकूंनी अबोला धरला नसता आणि आमच्या वाडीला आज सांगायला काही उरलं नसतं. पण तालुका कचेरीतला अव्वल कारकून दिवसभर साहेबापुढे गप्प बसतो. घरी आल्यावर तरी त्याने तोंड उघडायचं नाही, हा कुठला न्याय?

नागपंचमी तोंडावर आली होती, म्हणजे शिवा चिताऱ्याच्या गणपतीच्या शाळेत पाट द्यायची वेळ झाली होती. आमच्याकडे प्रत्येक घराचा आपापला पाट असतो. तो चिताऱ्याकडे नेऊन द्यायचा, त्याच्यावर तो गणपती घडवतो, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी पाटासकट मूर्ती डोक्यावर घेऊन घरी यायचं. अप्पांच्या घरी हे काम बाबांचं, म्हणजे अप्पांच्या वडिलांचं. मिसरूड फुटल्यापासून त्यांनी ते दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं. त्या संध्याकाळी बाबा दारापुढच्या खळ्यात बसून पाटाला खोबरेल लावत होते आणि लावून झालं तरी हात थांबत नव्हता.

"परशा," ते अप्पांना म्हणाले, "ह्या वर्सा पाट तू ने. गणपतीय तूच हाड. माज्या ढोपरांत आता काय राम उरलो नाय."

बाबा कधी असं बोलणारे नव्हते. आणि बाप असं बोलला की माणसाच्या तोंडून भलतंच काहीतरी निघतं.

"पाटय तुमीच नेवचो आणि गणपतीय तुमीच हाडूचो," अप्पा म्हणाले. "गाडयेतसून."

"खंयच्या गाडयेतसून?" बाबांनी रास्त प्रश्न विचारला.

इथे तरी अप्पांनी सावरायचं होतं. भाड्याची गाडी सांगतो म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण चतुर्थीच्या आधी मुंबईचे चाकरमानी उतरले की मालवणात भाड्याची गाडी दिसणं म्हणजे भर दुपारी चांदणं दिसण्यापैकी. शिवाय गडग्यापलीकडे नाना उभे होते. नाना म्हणजे निवृत्त मास्तर. पेन्शन सुरू झाल्या दिवसापासून त्यांनी वाडीच्या शास्त्राची राखण आपल्याकडे घेतली होती, आणि दुसऱ्याच्या घरातलं बोलणं त्यांना स्वतःच्या घरातल्यापेक्षा जास्त स्पष्ट ऐकू यायचं. त्यांच्या देखत माघार घेणं अप्पांना जमण्यासारखं नव्हतं.

"आपल्या," अप्पा म्हणाले. "आपली फिरंगीण आसा मां?"

नाना हसले नाहीत. नुसते घरात गेले. ते हसले असते तर बरं झालं असतं.

फिरंगीण म्हणजे अप्पांच्या बायकोच्या, सरलाकाकूंच्या, म्हापशाच्या मामांची गाडी. पोर्तुगीज अमदानीत बोटीने आलेली, जातीची फ्रेंच, पाठीला बाक असलेली आणि बटाट्याएवढी. मामा गेल्यावर ती भाचीकडे आली आणि गुरांच्या मांगराशेजारी माडाच्या झापांखाली विसावली. कोंबड्यांनी तिच्यात दोन पिढ्या वाढवल्या. तिची रचना परमेश्वराने बनवलेल्या सगळ्या गाड्यांच्या उलट होती. पुढचं झाकण उघडलं की आत नुसती सामानाची पोकळी. पहिल्याने ते उघडून बघितलं तेव्हा नानांनी गंभीरपणे सांगितलं होतं, "अप्पा, तुजा इंजिन चोरीक गेलाहा." इंजिन मागच्या बाजूला होतं. त्यातून तिला क्लचचं पेडलच नव्हतं. क्लचचं काम म्हणे वीज आपली आपण करायची. फ्रान्सात ती करतही असेल. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने त्या विजेच्या तारांची राख केली, आणि इंजिनाचा गंजून असा गोळा झाला की हँडल मारणाऱ्याचाच खांदा निखळायचा.

गाडी सुरू करायची म्हटल्यावर वाडी सल्ले घेऊन आली. कुणी म्हणालं स्कूटरचं इंजिन घाला. कुणी म्हणालं बैल जोडा. पोस्टातल्या एकाने फ्रान्सला पत्र लिहायला सांगितलं. अप्पांनी ते इंग्रजीत लिहिलंही, पण पोस्टातल्या त्याच माणसाला पॅरिसला किती तिकीट लागतं ते ठाऊक नव्हतं. शेवटी बंदरावरून तुकाराम मेस्त्री आला. तुकारामाचा हात लाँचच्या इंजिनांवर बसलेला. समुद्रात बंद पडलेलं इंजिन तो शिव्यांनी सुरू करतो अशी त्याची ख्याती होती, आणि ती त्याने स्वतःच पसरवली होती.

त्याने फिरंगिणीचं मागचं झाकण उघडलं, आत वाकून बघितलं आणि एकदम खूश झाला.

"अप्पांनू, हिका पाठी इंजिन आसा! ही गाडी नाय, ही होडी. होडयेचा इंजिन पाठीच आसता. ह्या माज्या हातातला काम."

"पण ह्या इंजिनाचं सामान मिळत नाही," अप्पा म्हणाले. कामाचं बोलणं निघालं की अप्पा कचेरीच्या मराठीत शिरायचे.

"सामान कोणाक होया? इंजिनच बदलूया. इंजिन, गिअरपेटी, सगळाच. तळेऱ्याक वळणार एक टेम्पो उलटलोहा. फुडच्या चाकांनी ओढणारो. तेचा इंजिन, गिअर आणि चाकांचे दांडे एकाच गठळ्यात आसत. तसोच उचलूचो आणि हय बसवचो. क्लच पायाखाली, गिअर हाताखाली. मेल्या विजेक इचारता कोण!"

हे ऐकून अप्पांचा ऊर भरून आला. आपण एका फ्रेंच बाईला देशी संसाराला लावतोय असं त्यांना वाटलं. त्या ऊर भरण्यातच त्यांनी तुकारामाला हो म्हटलं.

पण अप्पा पडले सरकारी माणूस. इंजिन बदलायचं तर रीतसर परवानगी हवी. गाड्या तपासणारे साहेब महिन्यातून एकदा कणकवलीला यायचे. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून एसटीने गेले, रांगेत उभे राहिले आणि नंबर आल्यावर नम्रपणे म्हणाले, "गाडीचं इंजिन बदलायचंय."

"बदलून आणा, मग तपासतो," साहेब म्हणाले.

"म्हणजे बदलू ना?"

"परवानगीशिवाय बदलता येत नाही."

"मग परवानगी द्या."

"बदललेलं इंजिन बघितल्याशिवाय परवानगी कशी देणार?"

अप्पांना खरं म्हणजे राग यायला हवा होता. आला तो आदर. इतकी वर्षं कचेरीत घालवून, सातबाऱ्यासाठी आलेल्या शेकडो माणसांना फिरवूनही इतका गोल, इतका बिनसांध्याचा जबाब त्यांना कधी सुचला नव्हता. त्यांनी निमूटपणे अर्जाच्या नकलेवर 'पोचला'चा शिक्का मारून घेतला आणि घरी आले. अर्ज विचाराधीन आहे, एवढं त्यांना पुरेसं होतं. विचाराधीन गोष्टीला कुणी बेकायदेशीर म्हणू शकत नाही, हे त्यांनी स्वतःच लोकांना कितीदा समजावलं होतं.

सरलाकाकूंनी मात्र दुसरीच परवानगी मागितली. "मामाच्या गाडयेक हात लावच्याआधी देवाक कौल लावा," त्या म्हणाल्या. हेही रीतसरच होतं. आमच्याकडे लग्न ठरवायचं असो की विहीर खणायची असो, देवळात जाऊन कौल घेतात. गुरव देवाच्या अंगावर उजवीडावीकडे कळ्या लावतो, प्रश्न घालतो, आणि उजवी कळी पडली की देव हो म्हणाला. अप्पांनी हात जोडून विचारलं, "देवा म्हाराजा, इंजिन बदलल्यार गाडी चलतली काय?" प्रश्न पुरा होतो न होतो तोच उजवी कळी टपकन पडली. इतका तातडीचा कौल गुरवानेही बघितला नव्हता.

गावात बातमी पसरली की देवाने होकार दिला. आता अप्पांची छाती पुढे आणि पावलं जमिनीवर नाहीत. पाट द्यायला फिरंगीण काही उभी राहिली नव्हती, तेव्हा एका बैलगाडीवाल्याला गाठून त्यांनी बाबांना शिवाकडे नेलं. "ह्यो जावचो फेरो," ते बाबांना म्हणाले. "येवचो फेरो फिरंगिणीतसून." बाबा पाट छातीशी धरून बसले होते. परत येताना बैलगाडीवाल्याला त्यांनी तीनतीनदा सांगितलं की गणपती गाडीतून येणार आहे, आमच्या परशाच्या.

सगळं असं जमत आलेलं असताना नाना गडग्याशी आले.

"अप्पा, एक इचारतंय. राग मानू नको. गणपती घरी हाडताना तेची पाठ फुडे होयी आणि तोंड हाडणाऱ्याकडे होया. डोक्यार हाडतंव तो तसोच हाडतंव. तू तेका पाठच्या सीटीर टेकवन बसवतलंस. म्हणजे तोंड फुडे इला. ह्या कसा काय?"

"उलटो बसवतलंय," अप्पा म्हणाले.

"सीटीच्या पाठीक सोंड घासतली. सोंड मोडली म्हणजे?"

"बघूया," अप्पा म्हणाले. कचेरीत या शब्दाखाली त्यांनी कित्येक फायली पुरल्या होत्या. पण नाना फाईल नव्हते. दुसऱ्या दिवशी सगळ्या वाडीत झालं की अप्पा गणपती उलट्या शास्त्राने आणणार. बाबांच्याही कानावर गेलं. "नानाचा बरोबर आसा," एवढंच ते म्हणाले आणि पुन्हा ढोपरं चोळत बसले. गाडी नको असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर अप्पा सुटले असते.

तुकाराम दर सकाळी यायचा. माडाला कप्पी बांधून त्याने टेम्पोचं ते धूड उचललं, फिरवलं आणि फिरंगिणीच्या पाठीत बसवलं. त्या वजनाने तिचं नाक वर गेलं, म्हणून पुढच्या पोकळीत चिरे भरले. मूर्तीला बाबांचा हात लागावा म्हणून ड्रायव्हरशेजारची सीट सोडवून मागे तोंड करून लावली. तेवढी एकच गोष्ट तुकारामाने मुद्दाम उलटी बसवली होती.

चतुर्थीच्या तीन दिवस आधी गाडी सुरू झाली. काय आवाज! पलीकडच्या वाडीतले कुत्रेसुद्धा भुंकायचे थांबले. सगळे जमले. तुकारामाने नारळ फोडला. बाबांनी काठीला धरून उभं राहत गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ही गाडी सुखरूप चालांदे!" लोकांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. अप्पांनी ऐटीत पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि फिरंगीण हळूच मागे गेली.

"रिव्हर्स पडलो वाटता," अप्पा खिडकीतून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. त्यांनी दुसरा टाकला आणि पाय जरा मोकळा सोडला. ती धावतच मागे गेली आणि नानांच्या गडग्यात घुसली. चिरे गडगडले. गडग्याला टेकून सल्ला द्यायच्या बेतात असलेले नाना वयाच्या मानाने फारच चपळाईने बाजूला झाले.

तुकाराम गाडीखाली शिरला. बराच वेळ त्याचे नुसते पाय दिसत होते. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"अप्पांनू, टेम्पोत ह्या इंजिन फुडे होता, फुडे ओढी होता. मिया ता फिरवन पाठी बसवलंय. तोंडच फिरला मां तेचा. आता तेचा फुडे ता गाडयेचा पाठी. चार गिअर पाठी जातले आणि रिव्हर्स टाकलास तर फुडे."

"तुझ्या लक्षात नाही आलं?" अप्पांचा आवाज चिरकला.

"होडयेत असा झाला तर पंखो बदलतंव. काम झाला." त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, जणू कुठेतरी पंखा सापडेल. "हिका पंखो खंय आसा!"

पुन्हा सगळं उतरवून बसवायचं तर आठवडा हवा होता. रिव्हर्सचा गिअर, म्हणजे आता पुढे जायचा एकमेव गिअर, झिजलेला निघाला. दांडा दोन्ही हातांनी दाबून धरला तर राहायचा, नाहीतर टणकन उडायचा. अप्पा त्या दांड्याकडे बघत बसले. त्यांना स्वतःचीच कीव आली, आणि कीव आल्यावर हसूही आलं. देशी संसाराला लावायला घेतलेल्या बाईने पहिल्याच दिवशी माहेरच्या दिशेने तोंड, नव्हे, पाठ केली होती.

सरलाकाकू दारातून बघत होत्या. "देवाक इचारलात, गाडी चलतली काय," त्या म्हणाल्या. "फुडे चलतली काय, असा खंय इचारलात?" एवढं बोलून त्यांनी जो अबोला धरला तो गणपती घरी येईपर्यंत.

त्या रात्री अप्पा जेवले नाहीत. बाबांना काय सांगायचं, याचाच विचार. सकाळी उठून बघतात तो बाबा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून खळ्यात बसलेले. एक दिवस आधीच. "सवय करतंय," ते म्हणाले. अप्पा तसेच जाऊन फिरंगिणीच्या काचा पुसायला लागले.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी फिरंगीण निघाली. शिवाकडे जायचा रस्ता उताराचा, त्यामुळे जाताना कसला प्रश्न आला नाही. उतारावर देवच गाडी चालवतो. शिवाने मूर्ती पाटासकट मागच्या सीटवर नीट टेकवून बसवली. तोंड पुढे, नानांनी नको म्हटलं होतं नेमकं तसंच. पायी निघालेल्यांनी पावसासाठी मूर्तींवर प्लास्टिक घातलं होतं. अप्पांच्या मूर्तीला छप्पर असल्यामुळे त्याची गरज पडली नाही. बाबा उलट्या सीटवर समोर बसले आणि त्यांनी पाटाला हात लावला. तुकाराम चिऱ्यांबरोबर पुढच्या पोकळीत बसायला तयार होता, पण त्याला गिअरचा दांडा धरायला आत अप्पा आणि बाबांच्या मधे दाटीवाटीने कोंबला.

सपाटीवर जमलं. घाटीचा चढ लागला आणि दांडा उडाला. तुकारामाने पुन्हा दाबला, पुन्हा उडाला. तिसऱ्यांदा फिरंगीण मागे घरंगळत घाटीच्या पायथ्याशी येऊन थांबली. बाजूने डोक्यावर गणपती घेतलेली माणसं टाळ वाजवत वर चालली होती. प्रत्येकजण आत डोकावून जात होता. कचेरीत ज्यांना अप्पांनी 'उद्या या' सांगितलं होतं, ती सगळी नेमकी आजच आली असावीत असं त्यांना वाटलं. घाम पुसायला काढलेला रुमाल त्यांनी तसाच तोंडावर धरून ठेवला.

"अप्पांनू," तुकाराम हळूच म्हणाला, "फिरवया. पाठच्या गिअरात ती डोंगरय चढात."

"गणपती घेऊन पाठमोरा जाऊ? साऱ्या गावासमोर?"

"परशा," बाबा म्हणाले. ते मूर्तीकडेच बघत होते. "फिरव रे."

अप्पांनी गाडी फिरवली. मान खिडकीतून बाहेर काढून, उलटे बघत, त्यांनी पहिला गिअर टाकला आणि फिरंगीण मागच्या मागे घाटी चढू लागली, अशी की टाळवाले बाजूला झाले. माथ्यावर नाना उभे होते. त्यांच्या मुलाच्या डोक्यावर त्यांचा गणपती होता, आणि नाना स्वतः अप्पांचं शास्त्र तपासायला थांबले होते. अप्पांनी त्यांना लांबून बघितलं आणि मनात म्हटलं, घ्या, काय बोलायचं ते बोलून घ्या.

गाडी पाठमोरी जवळ आली. मागच्या काचेतून पहिल्याने दिसली ती मूर्तीची पाठ. मूर्तीच्या पलीकडे, मूर्तीकडे आणि वाटेकडे तोंड करून, पाटाला हात लावून बसलेले बाबा. नानांनी तोंड उघडलं. मिटलं. मुलाच्या डोक्यावरच्या गणपतीकडे बघितलं, मग गाडीतल्या. दोघांची पाठ पुढे, दोघांची तोंडं आणणाऱ्याकडे.

"अप्पा," नाना शेवटी म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांना किती कष्ट पडले ते सगळ्यांनी बघितलं, "शास्त्राप्रमाणे आसा."

बस्स. तेवढ्यावर सगळं फिरलं. घरी पोचेपर्यंत वाडीत झालं होतं की अप्पांनी शास्त्रासाठी गाडीचं इंजिन मुद्दाम उलटं बसवून घेतलं. तुकाराम तर "माका आदीच ठावक होता" असं सांगायलाही लागला. अप्पांनी कुणाला खोडून काढलं नाही. मान अशी आखडली होती की नकार द्यायला ती हलतच नव्हती.

मूर्ती उतरवायला सरलाकाकू तांब्या-पळी घेऊन पुढे आल्या. अप्पांनी बाबांना हात देऊन उतरवलं. बाबांचे डोळे ओले होते.

"दुखला काय खंय?" अप्पा घाबरून म्हणाले.

"नाय रे." बाबांनी टोपी सारखी केली. "जलमभर डोक्यार हाडलंय तेका. पण डोक्यार आसलो म्हणजे वाटेत तेचा तोंड दिसता खंय? आज सगळी वाट माज्याकडे बघीत इलो."

अप्पांनी आखडलेल्या मानेने जमेल तेवढं दुसरीकडे बघितलं. सरलाकाकूंनी गणपती आणणाऱ्या बाबांच्या पायावर पाणी घातलं, मग अप्पांच्याही, जे रीतीत नव्हतं, आणि म्हणाल्या, "मानेक तेल लावन देतंय, आत येवा."

चतुर्थीनंतर तुकाराम पाने घेऊन इंजिन सुलट करायला आला. बाबांनी काठी उगारली. "हात लावशीत तर बघ," ते म्हणाले.

विसर्जनाच्या संध्याकाळी नाना पडलेला गडगा ओलांडून आले. तो अजून कुणी बांधला नव्हता, आणि एकदा चालायला सोयीचा झाल्यावर पुढेही बांधला नाही.

"अप्पा, जाताना मातर तोंड फुडे होया," नाना म्हणाले. "म्हणजे गाडी फुडेच जावक होयी." मग त्यांनी छत्री बाजूला ठेवली, धोतर आवरलं आणि तुकारामाच्या जागेवर चढून बसले. समुद्रापर्यंत सगळा वेळ त्यांनी गिअरचा दांडा दोन्ही हातांनी दाबून धरला होता.